वारणेच्या अलीकडं

आमची गाडी जिल्हा सोडत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. पुण्याला निघालो, शिरोली नाका ओलांडला की ती अगदी सुतासारखी सरळ धावते. किणीचा टोलनाका मागं पडतो, घुणकी येतं, समोर वारणेचा पूल दिसायला लागतो आणि तिथं तिला आचके सुरू होतात. एक आचका, मग दुसरा, आणि मग सगळं शांत. पुलापलीकडं सांगली जिल्हा. तिकडं जायचं म्हटलं की हिचा जीव जातो. कोल्हापूरच्या माणसाला कोल्हापूरचं वेड असतं, मला स्वतःला आहे, पण ते पत्र्याला असावं हे जरा अतीच झालं.

गाडी बंद पडते तिथंच सेवारस्त्याच्या कडेला तानाबाईची चहाची टपरी आहे. पहिल्या खेपेला तिनं लांबूनच हाक मारली होती, "काय वो पावणं, काय झालं?" दुसऱ्या खेपेला काही न विचारता पाण्याचा तांब्या घेऊन आली. आता गाडीला लांबून आचके येताना दिसले की ती आधण ठेवते.

"बसली व्हय म्हस?"

"बसली."

"बसू द्या. चा घ्या. अर्ध्या तासानं उठतीया की आपली आपण."

गाडी पांढरी आहे आणि म्हैस काळी असते, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "रंग काय बघताय, वागणं बघा की."

अर्ध्या तासानं गाडी खरंच उठायची. किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात. पण पुढं जायची हिंमत व्हायची नाही. पुढं कधीतरी ती पुन्हा बसणार, आणि बसणार कुठं? खंबाटकीच्या चढाला? रस्त्याचं रुंदीकरण चाललंय, कडेला उभं राहायला जागा नाही आणि मागून ट्रक अंगावर येतात. मग मी वळून माघारी यायचो. फुलेवाडीत घराच्या बोळात शिरताना ती पुन्हा कुरकुर करायला लागायची, पण घरापर्यंत आणून सोडायची.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याला जायचं एवढं काय अडलंय? एसटी आहे, खासगी बस आहे, रेल्वे आहे. आहे ना. माझं काही अडलेलं नाही. मी दोनदा एसटीनं जाऊन आलो. मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी हॉलमधल्या सोफ्यावर झोपलो, आणि कुणाच्या पायात यायला नको म्हणून चौथ्या दिवशी परत आलो. अडलंय ते शालनचं.

शालन माझी बायको. विश्वजितला, म्हणजे आमच्या मुलाला, मुलगी झाली तेव्हा ती पुण्याला गेली. "चार म्हयन्यांत येतो," असं सांगून गेली. नात आता चालते, बोलते, फोनवर मला 'आबा' म्हणते आणि लगेच फोन टाकून पळते. शालन तिकडं गेली ती विश्वजितच्या गाडीतून. बंद काचांची, थंडगार, आतून अत्तराच्या दुकानासारखा वास मारणारी गाडी. कराड येईपर्यंत बाईसाहेबांना उलट्यांनी बेजार केलं. तेव्हाच तिनं जाहीर करून टाकलं की पुन्हा असल्या डब्यात बसायचं नाही. बसचं तर नाव काढायचं नाही, कारण तिची कंबर कधीच कामातून गेली आहे.

"तुमी पांढरी घिऊन या," ती मला म्हणाली. "तिच्यात काच खाली करून बसतो आन् येतो."

पांढरी म्हणजे ही गाडी. सत्त्याण्णव सालची, कार्बोरेटरवाली. दारात गाय असती तर शालननं तिला जे नाव दिलं असतं तेच गाडीला दिलं.

म्हणजे गाडी नीट झाली की मी पुण्याला जाणार आणि शालन घरी येणार. इतकं सोपं होतं सगळं.

मी काही इंजिनातलं न कळणारा माणूस नाही. माझं अख्खं आयुष्य उद्यमनगरात लेथ मशीनवर गेलं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग बनवले. इंजिन कुठं आजारी आहे हे मला आवाजावरून कळतं असं लोक म्हणायचे, आणि मी ते खोडून काढायचो नाही. त्यामुळं या गाडीनं मला असं खेळवावं याचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा. गुंडू मेकॅनिकचं गॅरेज उद्यमनगरातच आहे, माझ्या जुन्या शेडच्या मागं. आम्ही दोघं मिळून गाडीच्या मागं लागलो.

गुंडूची पद्धत अशी, की ज्या भागावर संशय आला तो भाग बदलायचा.

"तात्या, कॉइल तापतीया बघा. तापली की करंट सोडतीया, गार झाली की धरतीया. म्हणून अर्ध्या तासानं चालू हुतीया."

पटण्यासारखं होतं. कॉइल बदलली. गाडी वारणेच्या अलीकडं बंद. मग पेट्रोलचा पंप बदलला. वारणेच्या अलीकडं बंद. कार्बोरेटर खोलून धुतला, प्लग बदलले, वायरी बदलल्या, फिल्टर बदलला. तानाबाई म्हणाली, "आता म्हस तेवढी बदलायची ऱ्हायली." गॅरेजच्या दारात मात्र गाडी अशी चालायची, जणू पाहुणे आल्यावर कोपऱ्यात गुपचूप बसणारं वांड पोरगं. गुंडू तिला उद्यमनगरातून राजारामपुरीपर्यंत फिरवून आणायचा आणि हात पुसत म्हणायचा, "काय बी न्हाय हो हिला."

एक दिवस त्याचाही धीर सुटला. "तात्या, इका की ही आता."

"आन् शालन कशातनं येणार?" मी ओरडलो. "तुझ्या खांद्यावर बसून?"

शेजारच्या शेडमधल्या लोकांनी मान वळवून बघितलं. नंतर मला वाईट वाटलं, पण ते मी गुंडूला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी गरम भजी घेऊन गेलो, आणि त्यानं ती खाल्ली.

शालनचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पहिला प्रश्न, "जेवलासा?" दुसरा, "पांढरी काय म्हणती?"

मग मी सांगायचो. कॉइल कशी तापते, पंपातला पडदा कसा फाटतो, कार्बोरेटरच्या पोटात कचरा कसा साठतो. ती सगळं ऐकून घ्यायची. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी इंजिनाबद्दल एवढा वेळ बोललोय आणि तिनं मध्येच कोथिंबीर आणायची आठवण केलेली नाही, असं कधी घडलं नव्हतं. "मग, आता काय बदलायचं म्हणताय?" असंही विचारायची. आणि शेवटी म्हणायची, "असू द्या. हुईल सावकाश." मला वाटायचं, बिचारी माझी समजूत घालते आहे.

फोन ठेवला की घर एकदम मोठं व्हायचं. घरात माझ्याशिवाय आवाज करणारं म्हणजे फ्रिज. तो घरघरायला लागला की बरं वाटायचं. दुपारी खानावळीतून डबा आणायचो, तोच रात्री पुरवायचो. सुरुवातीला भाकरी थापून बघितली. ती भाकरी आहे हे मला माहीत होतं म्हणून खाल्ली, नाहीतर खाल्ली नसती. बोलायला कुणी नाही म्हणून बातम्या देणाऱ्या बाईला उलट उत्तरं द्यायचो, आणि ती आपली पुढची बातमी सांगायची. कधी कधी उगीच गाडी काढून रंकाळ्याला एक फेरी मारून यायचो. शेजारची सीट रिकामी असली की पट्ट्याचं बक्कल खडखडतं, इतकी वर्षं ते कधी ऐकू आलं नव्हतं.

मला तिची आठवण यायची. फार यायची. हे मी तिला कधी म्हणालो नाही. कॉइलबद्दल बोललो, पंपाबद्दल बोललो.

उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. हमरस्त्यावर गाडी वेगानं जाते, तापते, म्हणून बंद पडते असं गुंडूचं म्हणणं. मग जिथं वेग घेताच येत नाही अशा रस्त्यावर नेऊन बघू की. गारगोटीचा रस्ता धरला. हंगामात त्या रस्त्यावर तुम्ही ट्रॅक्टरच्या मागं लागलात की संपलं. पुढं उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या, वर बसलेला माणूस गाणी लावून निवांत, आणि मागं आपण. इंजिन तापायचा प्रश्नच नव्हता. काच खाली केलेली, गार वारा येत होता. बिद्री जवळ आलं, कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरला, आणि पांढरीनं आचका दिला.

मी गाडी कडेला घेतली. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि समोर किलोमीटरच्या आकड्याकडं बघितलं. घरून निघताना मी तो मनात धरला होता. घर ते घुणकी जेवढं, जवळजवळ तेवढंच घर ते बिद्री.

म्हणजे वेगाचा संबंध नाही. तापण्याचा नाही. ही बाई नुसतं अंतर मोजते. मग अंतराबरोबर गाडीत बदलतं काय? पेट्रोल. दुसरं काही नाही. पेट्रोलचा काटा खोटं बोलत असेल आणि टाकी खरंच रिकामी होत असेल, तर? डिकीत मी एक कॅन भरून ठेवलेला होता. तो काढला, मागं गेलो, छोटं दार उघडलं आणि टाकीच्या टोपणाला हात घातला.

टाकीचं टोपण मी स्वतःच्या हातानं शेवटचं कधी उघडलं होतं, मला आठवेना. पंपावर मी जागचा हलत नाही. खिडकीतून पैसे देतो, खिडकीतूनच पावती घेतो.

टोपण फिरेना. कुणीतरी आतून धरून बसावं तसं. जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीनं सूंऽऽऽ करून लांबलचक श्वास घेतला. हवा बाहेर आली नाही, आत गेली. मी कॅन खाली ठेवला. टाकीत पेट्रोल भरपूर होतं, ते डुचमळताना ऐकू येत होतं. टोपण हातातच धरून मी पुढं गेलो आणि किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली. अर्धा तास नाही, काही नाही.

मला सगळं कळलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. दुसऱ्यावर बोट ठेवलं की तेल गुटगुट करून थांबतं. जुन्या गाडीच्या टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल बाहेर जाईल तशी हवा आत यायला टोपणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. ते बुजलं होतं. थोडं अंतर गेलं की टाकी पेट्रोल धरून ठेवायची आणि इंजिन उपाशी मरायचं. अर्ध्या तासात कुठून तरी हवा पाझरायची, की गाडी पुन्हा तयार.

मग मी टोपण उलटंपालटं करून बघितलं.

वरच्या बाजूला मधोमध लाल होतं. बंद्या रुपयाएवढा लेप. वर धूळ बसून, वाळून टणक झालेला, पण कडेला अजून लालभडक. त्यात तांदळाचा एक दाणा रुतलेला होता. हळदीकुंकू होतं ते.

पांढरीला नवा रंग दिला त्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याला शालननं तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं बॉनेटवर ओढली. डाग पडला तो पडलाच. मी घर डोक्यावर घेतलं. पुन्हा माझ्या रंगाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. "न्हाय लावत," ती म्हणाली, आणि परत कधी बॉनेटवर कुंकू दिसलं नाही. पण गावाला निघायच्या आधी, मी गाडी चालू करून बसलो की ती एकदा मागून चक्कर मारून यायची. मला वाटायचं, डिकी नीट लागली का ते बघते.

रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. एकानं वरून विचारलं, "पावणं, ढकलायची काय?" मी नको म्हणून हात केला. किती तरी वेळ मी ते टोपण हातात धरून उभा होतो. घर सोडून गेलेल्या माणसाचा हात असा कुठंही सापडावा, म्हणजे काय म्हणायचं?

घरी येऊन शालनच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. भोक तेवढं मोकळं केलं. बाकीचं कुंकू तसंच ठेवलं.

संध्याकाळी फोन आला. "जेवलासा? पांढरी काय म्हणती?"

"हाय तशीच," मी म्हणालो. हसू दाबताना माझी दमछाक झाली. उद्या दुपारी तिच्या दारात उभं राहायचं आणि मगच सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

"असू द्या," ती म्हणाली. "हुईल सावकाश."

सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. तिच्या आवडीची चटणी आणि भडंग घेतलं. शेजारच्या सीटवर तिच्या कंबरेसाठी उशी ठेवली, जरा मागं-पुढं करून बघितली. गुंडूला काही सांगितलं नाही, त्याला परत आल्यावर दोघांनी मिळूनच दाखवू म्हटलं. किणी गेलं, घुणकी गेलं. तानाबाईची टपरी खाली सेवारस्त्याला राहिली. मी वरून बघितलं, ती पाठमोरी होती. येताना शालनला घेऊनच थांबू, म्हटलं, बघ म्हणावं ही मालकीण.

पुलावर चढताना मी श्वास धरला. खाली वारणा, दोन्ही काठांना ऊस. पूल संपला. सांगली जिल्ह्याचा फलक मागं गेला. पांढरी चालतच होती. मी स्टिअरिंगवर थाप मारली आणि मोठ्यांदा म्हणालो, "शाब्बास!" माझं मलाच हसू आलं. दारात जाऊन सांगायचं ठरलं होतं, पण एवढा आनंद एकट्यानं कुठपर्यंत न्यायचा? एका झाडाखाली गाडी घेतली आणि फोन लावला.

"काय वो, सकाळच्या पारी फोन? बरं हाय न्हवं?"

"बरा हाय. आधी सांग, पांढरीच्या टाकीला कुंकू कुणी लावलंय?"

ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला असं हसताना ऐकलं.

"रंगाला हात लावलेला न्हाय मी. तुमीच बजावलंतासा. म्हणून बारक्या दाराच्या आत, टोपणाला लावत हुतो. गावाला निघताना दर टायमाला."

"आन् हे एवढं लिंपून ठेवलंयस ते?"

"ते पुण्याला येताना लावलं. पुन्यांदा लावायला मी कुठं असणार हाय तिथं? म्हणून तुपात कालवलं आन् घट्ट बसवलं. पुसाय नगं म्हटलं. पांढरीला सांगितलं, यास्नी लांब न्हेऊ नगंस, आन् न्हेलंस तर घरात आणून सोड."

"ऐकलं तिनं तुझं," मी म्हणालो. "शालन, त्या तुपानं टोपणाचं भोक बुजलं हुतं. हवा जाईना, म्हणून गाडी बंद पडत हुती. गुंडूनं सगळं इंजिन बदललं, आन् बिघाड तुझ्या बोटाचा."

"अगं बया! माझ्यामुळं?"

"व्हय. पण आता झालं. भोक मोकळं केलंय. मी वारणा वलांडून हिकडं उभा हाय. दुपारपर्यंत तुझ्या दारात येतो. पिशवी भरून ठेव."

मागं नातीचा आवाज येत होता, ती काहीतरी मागत होती. मग सरकत्या दाराचा आवाज आला आणि फोनमध्ये वारा भरला. शालन गॅलरीत गेली होती.

"अवो," ती आवाज खाली आणून म्हणाली, "आज नगा येऊ."

"बरं, उद्या येतो."

"उद्या बी नगं."

मी गाडीतून खाली उतरलो. का उतरलो कुणास ठाऊक.

"स्नेहलला हापिसात वरची जागा मिळालीया," ती म्हणाली. स्नेहल आमची सून. "सकाळी जाती ती अंधार पडल्यावर येती. विश्वजितचं तर तुमाला ठावंच हाय. पोरगी माझ्याबिगर घास खात न्हाय. मी आलो तर तिला पाळणाघरात ठेवत्याल. ठेवू द्यात, समद्यांचीच पोरं ऱ्हात्यात की. पण मलाच सोडवत न्हाय वो तिला."

"मग तसं सांगायचंस."

"कुणाला सांगू? तुमाला सांगू, मी येत न्हाय म्हणून? तुमी तिथं एकटं, डब्याचं खाताय. का पोराला सांगू, मी जातो म्हणून? विश्वजित इचारतो, आई, आबांकडं जायचंय काय? मी म्हणतो, जायचंय रं, पर गाडी बंद हाय. त्यो गप बसतो. तुमी इचारताय, कवा येतीस? मी म्हणतो, गाडी झाली की. तुमी बी गप बसताय. कुणालाच न्हाय म्हणावं लागत न्हाय." तिनं नाक ओढलं. "आता गाडी झाली म्हटलासा, तर मला ठरवावं लागंल. मला न्हाय ठरवता येत. माझा जीव दोन्हीकडं हाय. अजून थोडं दिस बंदच ऱ्हाऊ द्या की पांढरी."

मला राग आला. पण तो कुणावर काढायचा ते कळेना. सून कामाला जाते, पोरगा राबतो, नातीला तर काही कळतही नाही. आणि शालनवर रागवावं तर ती रडत होती. समोरून गाड्या पुण्याकडं धावत होत्या, एकामागून एक, सगळ्यांना कुठंतरी पोचायचं होतं.

"बरं," मी म्हणालो. "बंद हाय म्हण."

"रागावलासा?"

"न्हाय."

"एसटीनं या की चार दिस. ऱ्हावा. पोरगी इचारती तुमाला."

"बघतो."

"जेवलासा?"

जेवायची वेळ नव्हती. "जेवलो," मी म्हणालो.

"कुंकू समदं पुसलंसा काय?"

"न्हाय. भोक तेवढं मोकळं केलं."

"मग असू द्या," ती म्हणाली. आतून नातीनं हाक मारली आणि फोन बंद झाला.

पुढच्या फाट्यावर मी गाडी वळवली. पूल पुन्हा ओलांडला. पांढरी इतकी सुरेख चालत होती की तिचा राग यावा. आचका नाही, कुरकुर नाही. तशीच गेली असती तर शिरोली नाका, कोल्हापूर, फुलेवाडी, आणि कुलूप काढायचं. फ्रिज घरघरत असेल.

घुणकीच्या पुढं रस्त्याखालून जायला वाट आहे. तिथून मी वळसा घातला आणि पुण्याकडं तोंड करून परत सेवारस्त्याला लागलो. टपरी दिसायला लागली. तानाबाई बाहेरच उभी होती. मी क्लच दाबून सोडून गाडीला एक आचका दिला, मग दुसरा. मग किल्ली बंद केली आणि गाडी तिच्या दारापर्यंत गडगडत नेली. तानाबाईनं आधण ठेवलं होतं.

मी उतरून बॉनेट उघडून ठेवलं.

"बसली व्हय आज बी?"

"बसली."

तिनं माझ्या शर्टाकडं बघितलं, मग वाकून गाडीत बघितलं. "अगं बाई, आज तर उशीबिशी घिऊन निघालतासा. मालकिणीस्नी कळवा की लवकर. वाट बघत बसल्या असत्याल."

"कळवलं."

तिनं चहाचा कप हातात दिला आणि फडक्यानं बाक पुसला. "बसा. अर्ध्या तासात उठंल."

"आज जरा जास्तच लागंल," मी म्हणालो, आणि बाकावर सरकून बसलो.